बाहेरच्या फोटोवर सही नाही

माझे आजेसासरे काचेच्या प्लेटवर माणसांचे फोटो काढत. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फोटोचा धंदा मोडून गावात पहिले एक्स-रे मशीन आणले. सासऱ्यांचा मुलगा म्हणजे आमचे डॉक्टर. त्यांनी त्या एका मशीनभोवती अख्खे रुग्णालय उभे केले. आणि डॉक्टरांचा मुलगा, माझा थोरला, आज त्याच रुग्णालयाचा एक्स-रे विभाग सांभाळतो.

ही हकीकत थोरल्याची आहे. पण ती सांगायची मी, कारण तो सांगणार नाही.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. भुतांच्या गोष्टींच्या या पानावर रोज कोणाच्या तरी मित्राच्या मित्राला काहीतरी दिसते, आणि माझी नात ते मला वाचून दाखवते. मी हसते. मला जे सांगायचे आहे ते कोणाच्या मित्राने पाहिलेले नाही. ते मी पाहिले आहे. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिले आहे.

आणखी एक सांगते. रात्रीची वाट पाहत बसू नका. मी ते पाहिले एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, भर दुपारी.

फक्त आमच्या रिपोर्टिंग रूममध्ये दुपार नसते.

ती खोली तळघरात आहे. तिला खिडकी नाही. भिंती काळपट रंगाच्या, दिवे मंद. पडद्यावरचे फोटो नीट दिसावेत म्हणून ती मुद्दाम तशी बांधलेली आहे. डॉक्टर तिथे बसत, आता थोरला बसतो. आत गेले की डोळे सरावेपर्यंत दारातच उभे राहावे लागते.

त्या वर्षी थोरल्याने एक मोठे काम हाती घेतले होते. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयांतून फोटो घेऊन येतात. कोणी डिस्क आणतो, कोणी पेनड्राइव्ह. त्या डिस्क ड्रॉवरमध्ये पडून राहत, हरवत, त्यांच्यावर चहाचे डाग पडत. थोरल्याने ठरवले की बाहेरचे सगळे फोटो आपल्या डिजिटल संग्रहात घ्यायचे. डिस्क मशीनमध्ये घालायची, फोटो ज्याचा असेल त्याच्या नंबराखाली लावायचा, वर शिक्का मारायचा, 'बाहेरील'. झाले.

त्यांचा रिपोर्ट मात्र करायचा नाही.

हा आमच्या घराचा नियम. 'बाहेरच्या फोटोवर आपली सही नाही.' बाहेरच्याने काय वाचले ते त्याने निस्तरावे. आपण फोटो जपून ठेवायचा, तुलनेपुरता बघायचा, पण त्यावर आपले मत लिहायचे नाही. नियम डॉक्टरांचा. त्यांच्या माघारी तो मी राबवला, आणि असा राबवला की नवे डॉक्टर रुजू होताना तो माझ्यासमोर म्हणून दाखवत. मला त्याचा अभिमान होता.

त्या आठवड्यात माझी नात घरी आली होती. थोरल्याची एकुलती एक मुलगी. तिला सगळे चिमणी म्हणतात, उंचीने बापाच्या वर गेली तरी. ती परगावी शिकते आणि जिवाच्या आकांताने बॅडमिंटन खेळते. गुडघा कित्येक महिन्यांपासून दुखत होता. तिकडच्या रुग्णालयात एक्स-रे काढून घेतला होता. रिपोर्ट आला, हाड ठीक आहे, खेळताना ताण पडला आहे, विश्रांती घ्यावी.

"विश्रांती घे म्हणे!" ती जेवताना म्हणाली. "आजी, मी झोपले तरी दुखतं गं. झोपेत कोण बॅडमिंटन खेळतं?"

"तुझ्या तोंडाला विश्रांती दे आधी," थोरला म्हणाला. "डिस्क आणली आहेस ना? दे उद्या, संग्रहात लावून टाकू."

"बाबा, तुम्ही बघाल ना पण?"

"बघितलाय त्यांनी. नामांकित डॉक्टर आहेत."

मी चिमणीच्या ताटात भात वाढला. नियम माझाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुग्णालयातल्या माझ्या खुर्चीत बसले होते; डॉक्टर गेल्यापासून तिथला कारभार मीच बघते. आमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळणारा एक मुलगा आहे. मुलगा कसला, दोन पोरांचा बाप आहे. त्याच्या चष्म्यामुळे सगळे त्याला भिंगवाला म्हणतात. तो दार न वाजवता आत आला. हे त्याने याआधी कधी केले नव्हते.

"मोठ्या बाई, चिमणीताईंच्या नंबराखाली एक फोटो जास्तीचा आलाय."

"मग काढून टाक."

"काढला."

"मग?"

"परत आलाय."

मी त्याच्याकडे पाहिले. तो ओशाळला.

"बाई, तीनदा काढला. दुसऱ्या कोणाची डिस्क घातली तरी तोच येतो, आणि चिमणीताईंच्याच नंबराखाली जाऊन बसतो. मग मी रिकामा ड्राइव्ह उघडून बंद केला. आत डिस्कच नव्हती…"

"आणि?"

"तरी आला."

"तुला झोप कमी पडते आहे."

"असेल बाई. या रुग्णालयात कॉम्प्युटरसुद्धा तुम्हाला घाबरून वागतो. म्हणून म्हटलं, तुम्हीच एकदा दम द्या."

त्याला हसायचे होते. जमले नाही.

अजून एक गोष्ट त्याने सांगितली. बाहेरचा फोटो आत आला की सिस्टीम त्याच्यापुढे आपोआप 'रिपोर्ट नको' असे लिहिते. तशी सोयच केलेली आहे. या फोटोपुढे लिहून येत होते… 'रिपोर्ट बाकी'.

दुपारी जेवण झाल्यावर मी तळघरात उतरले. लिफ्टने नाही, जिन्याने. माझे पाय अजून माझे ऐकतात.

शेवटच्या पायरीवर मला तो आवाज आला.

फड… फड…

ज्यांनी जुने एक्स-रे हाताळले आहेत त्यांना तो आवाज सांगावा लागत नाही. मोठी फिल्म दोन बोटांत धरून हलवली की असा आवाज होतो. पातळ पत्रा वाजावा तसा, पण मऊ.

आमच्या रुग्णालयात फिल्म बंद होऊन एक पिढी झाली. जुन्या सगळ्या फिल्म चांदी काढणाऱ्या भंगारवाल्याला गेल्या. तो त्या धुऊन त्यांतली चांदी काढून घेतो. इमारतीत एक फिल्म शिल्लक नाही. व्यवहार मी स्वतः केला होता.

मी दार उघडले. आवाज थांबला.

आत थोरला होता, भिंगवाला होता. दोघांच्या हातांत काही नव्हते.

"कोण फिल्म हलवत होते?"

"फिल्म?" थोरला म्हणाला. "आई, फिल्म आता कुठे राहिल्यात?"

पण तोही दाराकडेच बघत होता. त्यानेही ऐकले होते. आईला मुलाचा चेहरा कळतो.

आणि वास… डार्करूमचा, फिल्म धुण्याच्या औषधांचा आंबट वास. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या शर्टाला यायचा, तो.

"दाखव," मी म्हणाले.

तिथे दोन पडदे शेजारी शेजारी असतात. डाव्या पडद्यावर चिमणीचा गुडघा होता. उजवा काळा होता. भिंगवाल्याने बटण दाबले.

काही आले नाही.

मग काळ्या पडद्यावर आधी कडा उमटल्या. मग अक्षरे. मग हाड.

नावाची जागा रिकामी होती.

स्त्री. वय सव्वीस. उजवा गुडघा.

खाली रुग्णालयाचे नाव होते. पलीकडच्या गावातले एक लहानसे रुग्णालय. ते कधीच बंद पडले. इमारतही पाडली. कॉम्प्युटर नावाची वस्तू त्या इमारतीने कधी पाहिली नाही.

मी खुर्ची ओढून बसले.

मला एक धाकटी बहीण होती. आई लवकर गेल्यामुळे मीच तिला वाढवले. वेणी घालायला बसवली की एका जागी टिकायची नाही. तिचा उजवा गुडघा दुखू लागला तेव्हा मी तिला इथेच आणले. दुसरीकडे कशाला नेऊ? माझ्या घरचे रुग्णालय. डॉक्टरांनी फोटो काढला, वाचला, सही केली. हाड ठीक आहे.

दुखणे वाढले. लोक म्हणू लागले, कामाला नको म्हणून नाटक करते. शेवटी ती मला न सांगता पलीकडच्या गावी गेली आणि तिथे फोटो काढून आली. तपकिरी पाकीट माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ताई, रागावू नकोस. भाऊजींना एवढं वाचायला सांग. त्यांनी वाचलं की माझा विश्वास बसेल."

पाकीट मी डॉक्टरांना नेऊन दिले. ते खोलीत गेले. दार लावले. बऱ्याच वेळाने बाहेर आले.

"पाहिला. काही नाही. बाहेरच्यांना धड फोटो काढता येत नाहीत. आणि हे बघ, बाहेरच्या फोटोवर माझी सही नाही."

ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. नवी इमारत उभी राहत होती. मोठी मोठी माणसे उद्घाटनाला येणार होती, देणगी देणार होती. मला वाटले, किती स्वाभिमानी पुरुष आहे.

पाकीट परत मिळाले नाही. बहिणीला मी सांगितले, काही नाही म्हणाले. तिचा विश्वास बसला. माझ्यावर होता तो.

पुढच्या वर्षी ती गेली. गाठ हाडातून छातीत पोचली होती.

डॉक्टर तिच्या अंत्ययात्रेत रडले. मी त्यांना सावरले. मी!

"आई?" थोरला म्हणत होता. "आई, पाणी आणू?"

"थांब."

उजव्या पडद्यावर अजून काहीतरी उमटत होते.

गुडघ्याच्या वर, हाडाच्या कडेशी… एक रेघ. ती वळली. वळत वळत तिचे वर्तुळ होऊ लागले. सावकाश, जसे कोणी विचार करत करत काढते तसे.

भिंगवाला मागे सरकला. "मी माउसला हात लावलेला नाही बाई."

ते पडदे फक्त काळा-पांढरा रंग दाखवतात. एक्स-रेसाठी तसेच असतात ते.

वर्तुळ हिरवे होते.

तो हिरवा रंग मी ओळखते. मेणाची पेन्सिल. सबंध विभागात सगळे लाल वापरत, हिरवी फक्त एकटे डॉक्टर वापरत. फिल्म दिव्यासमोर धरायची, दोष दिसला की त्याला हिरव्या पेन्सिलीने वेढायचे, आणि वर्तुळ खाली थोडे उघडे ठेवायचे. मी त्यांना एकदा विचारले होते, उघडे का? म्हणाले, माणसाला बाहेर पडायला वाट ठेवावी.

पडद्यावरचे वर्तुळ खाली उघडे होते.

म्हणजे त्यांनी पाहिले होते.

नुसते पाहिले नव्हते. ओळखले होते. बोट ठेवले होते. वर्तुळ काढले होते. आणि मग पेन्सिल खाली ठेवून, दार उघडून, माझ्यासमोर येऊन उभे राहिले होते. पाहिला. काही नाही.

आपलीच पहिली सही चुकली हे उद्घाटनाच्या आधी कबूल करायला नको, म्हणून. आणि ते झाकायला एक नियम केला. तो माझ्या हातात दिला. मी तो जन्मभर मिरवला.

मला राग आला नाही. राग यायला माणूस समोर लागतो. मला फक्त वाटले की ज्या जमिनीवर मी इतकी वर्षे ताठ उभी होते ती मुळात नव्हतीच.

फड…

माझ्या अगदी कानामागे.

आणि मग माझी नजर डाव्या पडद्यावर गेली. चिमणीचा गुडघा. उजवाच. तेच हाड, तीच कड, तीच जागा.

"थोरल्या, डावीकडचा वाच."

"आई, तो बाहेरचा आहे. त्याचा रिपोर्ट…"

"वाच म्हणते."

"बाबा नेहमी म्हणायचे की…"

"तुझे बाबा काय म्हणायचे ते मला शिकवू नकोस! ते इथे काय करून गेले ते उजवीकडे दिसते आहे. डोळे आहेत ना? ते वर्तुळ जिथे आहे, तीच जागा डावीकडे वाच. बाप म्हणून नको. डॉक्टर म्हणून वाच."

त्याने खुर्ची पुढे घेतली. फोटो मोठा केला. उजळ केला, गडद केला. पुन्हा उजळ केला.

त्याचा हात थांबला.

"आई…"

त्याने दोन्ही तळहात तोंडावर घेतले. लहानपणी पडला की घ्यायचा तसे.

कड पुसट होती. इतकी पुसट की घाईत कोणाच्याही नजरेतून सुटावी. पण ती तिथे होती.

उजवा पडदा तोवर काळा झाला होता.

पुढचे महिने कसे गेले ते मी सांगत नाही. तपासण्या, सुईने काढलेला तुकडा, औषधे, ऑपरेशन. गाठ हाडातच होती, बाहेर पडलेली नव्हती. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. कोणी आणली, हे त्यांना सांगून काय उपयोग?

पोरीचा जीव वाचला. पायही वाचला. ती थोडी लंगडते. "आजी, आता मी दुहेरीत खेळणार," म्हणते, "धावायचं काम दुसरीचं." डोक्यावर केस पुन्हा आले आहेत, आता कुरळे.

पण उजव्या पडद्यावरचा फोटो गेला नव्हता. ऑपरेशन नीट पार पडले त्याच दिवशी भिंगवाल्याने मला गुपचूप सांगितले. अजून यादीत आहे. रिपोर्ट बाकी.

मी थोरल्याला घेऊन खाली गेले.

"याचा रिपोर्ट कर."

"आई, कोणाच्या नावाने करू? काय लिहू? या फोटोची फिल्म जगात नाही. आणि ते हिरवं… ते लिहिलं तर बाबांचं नाव कायमचं जाईल. तीन पिढ्यांचं रुग्णालय आहे."

"तिने वाचायला दिला होता. वाचून मिळाला नाही. तेवढेच तिचे मागणे होते."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांचे मी बघते. तू वाच. मोठ्याने."

नावाच्या रिकाम्या जागी मी माझ्या हाताने तिचे नाव टाइप केले. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. ते नाव या घरात कित्येक वर्षांत कोणी उच्चारले नव्हते.

थोरला वाचू लागला. उजव्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्याच्या वर, गाठ दिसते. तातडीने उपचार आवश्यक. पूर्वी आमच्याच रुग्णालयात काढलेल्या फोटोचा रिपोर्ट चुकीचा होता. हा फोटो आमच्या डॉक्टरांनी पाहिला होता, दोष ओळखला होता आणि कळवला नव्हता.

शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज फाटला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्याला ते एकट्यानेच म्हणायला हवे होते.

त्याने सही केली. त्याच्या नावाखाली मी रुग्णालयाच्या वतीने माझे नाव घातले.

खोलीतला तो आंबट वास गेला. मला वाटले, संपले.

संपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भिंगवाला आला. या वेळी दार वाजवून आला, पण चेहरा पांढरा. संग्रहात घेतलेले बाहेरचे जेवढे फोटो होते, नियमाप्रमाणे 'रिपोर्ट नको' लिहून बंद केलेले, ते सगळे रात्रीतून उघडले होते.

सगळ्यांपुढे एकच शब्द. बाकी.

"मी केलेलं नाही बाई. पोरांची शपथ."

"मला माहीत आहे तू केलेले नाहीस."

मी नियम मोडला. कागदावर नाही, सभेत, सगळ्या डॉक्टरांना समोर बसवून, कारण सांगून मोडला. कोणी मान वर करेना. थोरल्याने दोन डॉक्टर मदतीला घेतले आणि जुने फोटो वाचायला काढले. बहुतेक ठीक होते. काही नव्हते.

त्यांच्या घरी फोन मी केले. ते काम मी कोणाला दिले नाही.

बरेच जण धावत आले. त्यांच्यावर उपचार चालू आहेत. एका घरी फोन एका वयस्क बाईने उचलला. मी सगळे नीट सांगितले. ती शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता होय?"

फोटो ज्याचा होता तो आधीच गेला होता. मी तिच्या घरी गेले. ती म्हणेल ते ऐकून घेतले. सगळे.

शेवटचा फोटो वाचून झाला त्या दुपारी मी थोरल्याच्या शेजारी बसले होते. त्याने सही केली. यादी रिकामी झाली.

"झालं, आई. एकही राहिला नाही."

आम्ही दोघेच खोलीत होतो. मागच्या अंधारात एक खुर्ची आहे, जुनी, कोणी बसत नाही तिच्यावर.

ती करकरली… वजन उठल्यावर करकरते तशी.

थोरल्याने माझा हात घट्ट धरला. आम्ही वळून पाहिले नाही. दार आपल्या आपण उघडले आणि सावकाश मिटले.

उठून गेली ती माझी बहीण होती, की इतकी वर्षे त्या खोलीत अडकलेले डॉक्टर होते, हे मला कळलेले नाही. बहीण असेल तर तिने मला निरोपाचा एक शब्द टाकायला हवा होता. ते असतील तर माझ्याकडे एकदा तोंड वर करून बघायला हवे होते.

कोणीही असो. आमच्या घराचे देणे माझ्या मुलाने माझ्यासमोर फेडले. पुरते फेडले.